सहदेवच्या विमानाचा आवाज

माझा भाऊ सहदेव गिऱ्हाइकाकडे पाठ करून धंदा करायचा. महाडला एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार मशीन. कपाटासारखी उभी, वर काचेआड टीव्ही, खाली एक दांडा आणि दोन बटणं. पोरं रुपया टाकायची, दांडा धरायची आणि विमान उडवून गोळ्या मारायची. सहदेव कोपऱ्यात कुणाचा तरी बिघडलेला रेडिओ मांडीवर घेऊन बसलेला. मागे न बघताच ओरडायचा, "ए तीन नंबर, खाली घे विमान! वरनं मोठा येतोय!"

आणि खरोखरच तीन नंबरवर मोठं विमान यायचं.

मी पोलादपूरकडच्या आमच्या वाडीतनं काकड्या, पडवळ घेऊन महाडच्या बाजाराला यायची. परतीची गाडी लागेपर्यंत त्याच्या दुकानात टेकायची. त्या गलक्यात माझं डोकं उठायचं. एकदा विचारलं, "न बघता तुला कसं रे कळतं?"

"बाय, भातातलं पाणी आटलं हे तुला झाकण न काढता कळतं ना? तसंच."

मी त्याची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. तो मला बाय म्हणतो. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती ह्यालाच कडेवर घ्यायला. तो मात्र दहावीपर्यंत शिकला, मुंबईला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात राबला आणि एक दिवस टेम्पोत भलंमोठं कपाट घालून परत आला. सगळी वाडी जमली. आमच्या बाबांनी विचारलं, "ह्याच्यात काय हाय?"

"विमान हाय, बाबा."

"मग टेम्पोतनं कशाला आणलंस? उडवत आणायचं."

बाबांनी आयुष्यात केलेला तो एवढा एकच विनोद. तोही त्यांनी रागाने केला होता.

पण दुकान चाललं. पोरं बिघडतात म्हणून लोक सहदेवला बोलायचे, मीही बोलायची. तो ऐकून घ्यायचा. वीस मार्चला चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटतो, त्या दिवशी तो मशीन बंद ठेवायचा आणि दारात पाण्याची पिंपं भरून उभा राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम घालायचा आणि पेला पुढे करायचा. एरवी मंत्री आला तरी तो मागे वळायचा नाही, अशी मी त्याची चेष्टा करायची.

मग दोन हजार एकवीसचा पूर आला. मी गुडघ्याच्या औषधाला महाडलाच होते. दुकानात पाणी छतापर्यंत आणि घरात माझ्या छातीला. आम्ही तिघं माळ्यावर बसून होतो: मी, सहदेव आणि त्याची लेक दर्शना. भावजय आधीच गेलेली. पाणी भिंतीवरच्या प्लगाजवळ पोचलं आणि लाईट अजून चालू, हे मीच बघितलं. दर्शनाने काठीने मेन स्वीच पाडला. दोन बोटं राहिली होती. तेव्हापासून आमच्या गल्लीत पद्धतच पडली. नगरपालिकेचा भोंगा वाजला की आधी मेन स्वीच, मग कागदपत्रं आणि वस्तू माळ्यावर, मग माणसं. शेजारची शर्मिला तर नवीन सुनेला चुलीच्या, आपलं, गॅसच्या आधी मेन स्वीच दाखवते.

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं. तीन मशीन प्लायवूडची, ती फुगून फुटली होती. तीन नंबरचं तेवढं उभं होतं, कारण त्याचं खोकं आमच्या वाडीतल्या कुशाबा सुताराने सागाच्या फळ्यांचं केलेलं. आत निव्वळ चिखल. सहदेवने ते घरी आणलं, नळीने धुतलं आणि भिंतीला लावून ठेवलं. आत काही नाही. मी त्याच्यात कांदे ठेवू का म्हणून विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढे साखरेने त्याचे डोळे गेले. आधी उजवा. डाव्याला आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. दुकान नाही, दिसत नाही, मग हा खाटेला चिकटला. भिंतीकडे तोंड करून पडायचा. दर्शना एमआयडीसीतल्या कंपनीत लॅबला आहे, तिची पाळी बदलती. म्हणून मी वाडीतलं घर सुनेवर टाकून महाडला येऊन राहिले.

डॉक्टर येऊन गेले. गुडघ्याखाली दाबून बघितलं आणि दर्शनाला दाराशी नेऊन म्हणाले, "ह्यांना उठवा. रोज उठवून बसवा, चार पावलं चालवा. असेच पडून राहिले तर पायातलं बळ जाईल आणि मग ते काही परत येणार नाही."

दाराशी नेऊन सांगितलं तरी सहदेवचे कान ते. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. पण उठायचं कशासाठी, हे त्याला कोणी सांगू शकलं नाही. मी हाक मारली, ओरडले, एकदा हाताला धरून ओढलाही. तो म्हणाला, "बाय, उठून बघू काय?"



ते मशीन परत चालू करायचं हे दर्शनाच्या डोक्यात आलं. तिने कुरियरने एक वस्तू मागवली. पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी, कडेला भोकं. म्हणे हाच आख्खा कॉम्प्युटर.

"ह्याच्यात विमान मावतं?" मी विचारलं.

"आत्या, विमान ह्या कार्डात." तिने करंगळीच्या नखाएवढी काळी चकती दाखवली. "आणि कार्डात एक प्रोग्राम घालायचा, तो जुन्या मशीनची नक्कल करतो. एम्युलेटर म्हणतात. गेमला वाटतं आपण जुन्याच मशीनमध्ये आहोत."

"गेमला वाटेल गो. तुझ्या बापाला काय वाटेल?"

ती हसली. पण सगळं घोडं तिथेच अडलं. असे नकला करणारे एक नाही, पुष्कळ असतात. कोणता घ्यायचा ते दर्शना रात्रपाळी करून आल्यावर सकाळी चहा थंड करत मोबाईलवर वाचत बसायची. मला समजावून सांगायची, कारण दुसरं ऐकणारं घरात कोणी नव्हतं. एक नक्कल हलकी असते. पुष्कळ गोष्टी गाळते, पण भरभर चालते. एक भारी असते. काहीच गाळत नाही, जसं होतं तसंच करते, पण आमची पाटी पडली स्वस्तातली, तिला तेवढं ओझं पेलत नाही.

आधी हलकी घातली. कुशाबाच्या खोक्यात जुना टीव्ही बसवला, नवा दांडा, नवी बटणं. चित्र असं झकास, की मला विमानाच्या पंखावरचे पट्टेसुद्धा दिसले. दर्शनाने बटण दाबलं. मी सहदेवकडे बघत होते.

तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "हे कुणाचं हाय?"

"आपलंच, पप्पा. तीन नंबर."

"नाय. गोळी सुटते आणि आवाज मागनं येतो. आणि पंख्याचा आवाज कुठे हाय? मोठा यायच्या आधी पंखा फिरतो. ह्याच्यात तो पंखाच नाय." आणि त्याने पांघरूण ओढलं.

मला दोन्ही आवाज सारखेच. दर्शनालाही. पण दिसतं त्याला चित्र दाखवून भुलवता येतं. ज्याला नुसतंच ऐकू येतं, त्याच्यापुढे लबाडी चालत नाही.

मग भारी घातली. ह्या वेळी पंखा वाजला. सहदेवने मान उचलली. मी दर्शनाला कोपराने ढोसलं. एवढ्यात विमान थबकलं, परत चाललं, परत थबकलं. आवाजही तसाच, तुटक. आमच्या वाडीच्या चढावर एस.टी. जशी येते तसा.

"दमा झालाय त्याला," सहदेव म्हणाला आणि मान खाली टाकली.

तीन आठवडे असे गेले. दर्शना हे काढायची, ते घालायची. प्रत्येक नकलेला गेमच्या फायली तिच्याच जातकुळीच्या लागतात, दुसरीच्या दिल्या तर तोंडच उघडत नाही, असं काहीतरी होतं. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसाने मधलाच एक एम्युलेटर केला होता, जुना, लोकांनी सोडून दिलेला. पंखा गाळत नव्हता आणि पाटीलाही झेपत होता. त्याच्या फायलीही त्यानेच ठेवलेल्या. दर्शनाने त्या आणल्या, आवाज पुढेमागे करत बसली. हे सगळं ती करायची कंपनीतल्या पाळ्या सांभाळून, डोळे लाल करून. मी फक्त चहा करायची. दुसरं काय करणार.

रविवारी सकाळी तिने ते चालू केलं. मी भाताला आधण ठेवलं होतं. पंखा वाजला. गोळी आणि आवाज एकत्र. खाट कुरकुरली. वळून बघते तर सहदेव पाय खाली सोडून बसलेला.

"हां," तो म्हणाला. "हा हाय तीन नंबर."

खाटेपासून मशीन चार पावलं. मी हात द्यायला गेले तर त्याने झटकला. भिंत चाचपत आला, स्टुलावर बसला, दांडा धरला. डोळे मिटलेले, म्हणजे उघडे असते तरी काय. माझा भात शिजून, निवून झाला तरी त्याचं विमान उडतच होतं. दर्शना मोरीत जाऊन रडून आली, आणि मी कांदा चिरत होते म्हणून मला सोपं गेलं.

नंतर तो रोज उठायचा. जेवायलाही स्टुलावरच बसायचा. पाय थरथरायचे कमी झाले. शर्मिलाच्या घरचे लोक खिडकीतनं बघायचे, आंधळा माणूस विमान चालवतोय म्हणून.

दर्शनाने मला एक गोष्ट दहा वेळा बजावली होती. मशीनच्या बटणांच्या फळीवर एका बटणाला तिने लाल टिकली चिकटवली. "आत्या, बंद करताना आधी टिकली दोनदा दाबायची. मग पाटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो, तो थांबेपर्यंत थांबायचं. मग प्लग काढायचा. मधेच लाईट काढली तर कार्ड खराब होतं, सगळं जाईल."

"कळलं गो. झोपलेल्या माणसाला आधी हाक मारायची, मग हलवायचं."

"अगदी तसंच."

मी ते रोज तसंच केलं. दोनदा टिकली, हिरवा दिवा, मग प्लग. रोज.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. एका दुपारी सहदेव खेळत होता, चांगला पुढे गेला होता, मला म्हणत होता, "बाय, आज मोठ्याला पाडतो." दर्शना कंपनीत. मी भाकरी थापत होते. आणि भोंगा वाजला.

पिठाच्या हातानेच मी धावले. मेन स्वीच पाडला.

"बाय!" सहदेव ओरडला. "बाय, टिकली!"

मी ऐकलं. पण ऐकलं ते कानाने. हात थांबले नाहीत. मी प्लग उपटला, पाटी तारांसकट ओढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारली आणि रेशनकार्डाबरोबर, बुद्धाच्या मूर्तीबरोबर माळ्यावर चढवली. गुडघ्याचं दुखणं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. मग खाली आले आणि सहदेवला धरलं, तर तो दांडा सोडेना.

"चल ना रे वर."

"कशाला?" तो म्हणाला. "बुडालं ते."

पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. शर्मिलाच्या पहिल्या पायरीला लागलं आणि संध्याकाळी उतरलं. आमच्या उंबऱ्याला थेंब शिवला नाही.

दर्शना आली, पाटी खाली काढली, टीव्ही लावला. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं आली, आणि तिथेच थांबली. तिने परत लावलं. परत तीच अक्षरं. कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं, खूप वेळ बसली.

"दुसरीकडे उतरवून ठेवलं नव्हतंस गो?" मी विचारलं.

"ठेवणार होते. दुसरं कार्ड ह्या पगाराला घेणार होते."

"मला बोल तरी काहीतरी."

"राहू दे, आत्या. तू भोंग्याला उठलीस. मीपण तेच केलं असतं."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या सासूने एका फुटक्या मडक्यासाठी मला तीन दिवस बोलून घेतलं होतं, त्या बाईची तेव्हा मला फार आठवण आली.

दर्शनाने परत सगळं उभं करायचं ठरवलं. पण तो परमुलखातला माणूस आता त्या जागी नव्हता. त्याचं पान उघडत नव्हतं, फायलीही गेलेल्या. दुसरीकडच्या फायली आणल्या, त्या चालेनात. कुणाकुणाला लिहिलं. एकाने कळवलं, नवी पाटी घ्या, महागातली, मग भारी एम्युलेटर धावेल. दुसऱ्याने कळवलं, हलकीच चालवा, कोणाला फरक कळतो. हे वाचून ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही.

कंपनीत तिला जादा पाळी लागली होती. शेवटी नव्या कार्डात हलकीच घालून ठेवली. "तोवर हे," म्हणाली. सहदेवला विचारलं नाही. त्याने ऐकलं, आणि भिंतीकडे वळला.

पंधरा दिवस तो उठला नाही. मी गुडघ्याखाली दाबून बघायची, डॉक्टरांसारखं. त्यात काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. मांस सैल लागायचं, एवढं कळायचं.

एक दिवस दुपारी घरात आम्ही दोघंच. मला राहवेना. मी मशीन लावलं आणि टीव्हीचा आवाज पार खाली केला, शून्यावर. खोटा आवाज नको तर कुठलाच नको. स्टुलावर बसले. त्र्याहत्तर वर्षांत मी त्या दांड्याला कधी हात लावला नव्हता.

"सहदेवा, मी खेळते हाय," मी सांगितलं. "डावीकडनं दोन विमानं आली. निळी हायत. मी आता बटण दाबते. अगो बाई, गेलं माझं."

मी परत बटण दाबलं.

"परत आलं. आता तीन आली. मी उजवीकडे चाललेय. परत गेलं."

असं मी सात-आठ वेळा मेले. लहान पोरगंसुद्धा एवढ्या लवकर मरत नाही. नवव्या वेळी मेले तेव्हा भिंतीकडनं आवाज आला. माणसाचा नव्हे. आधी बारीक शिट्टी, मग घरंगळत खाली जाणारं काहीतरी, मग धप्प.

मी वळून बघितलं. सहदेव तोंडाने करत होता.

"असं मरतं ते," तो म्हणाला. "तू नुसतं गेलं-गेलं काय करतेस?"

"बरं बाबा. परत आली बघ दोन, डावीकडनं."

त्याने ओठ हलवले. टिकटिक, टिकटिक. मी बटण दाबलं की तो गोळी सोडायचा. मी सांगायची, तो वाजवायचा. त्याच्या तोंडी गोळी आणि आवाज एकत्रच यायचे. मी मरायची आणि तो परत ती शिट्टी आणि धप्प. पाच-सहादा त्याला तेच करावं लागलं, मग तो वैतागला.

"बाय, खाली घे गो! खाली!"

"खाली म्हणजे कुठं? दांडा तर समोर हाय."

"आपल्याकडे ओढ! स्वतःकडे!"

"ओढला. आता काय, मोडू काय?"

"तुला चाळीस वर्षं सांगतोय हे, तू गाडी लागली की निघून जायचीस!" खाट कुरकुरली. तो उठला, भिंत धरली, पाय लटपटत होते. चार पावलं. माझ्या मागे उभा राहिला, माझ्या हातावर हात ठेवला, दांडा धरला. "सांग आता. कुठनं येतात?"

"डावीकडनं."

"किती?"

"तीन. नाय, चार."

आम्ही दोघांनी मिळून गेमची पहिली पायरीसुद्धा पार केली नाही. मी उशिरा सांगायची. डावं-उजवं चुकवायची. त्याच्या तळहाताला घाम आला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "बस, पाय धरतायत," आणि मी त्याला खाटेवर नेलं.

दर्शनाला संध्याकाळी सांगितलं. ती बापाच्या पायाशी जाऊन बसली. ती अजून तो मधला एम्युलेटर शोधते आहे. सापडेल की नाही तिलाही माहीत नाही. आता दोन कार्डं आणली आहेत, रिकामीच, डब्यात ठेवून.

भोंगा परत वाजला तर काय करशील, म्हणून तिने परवा मला विचारलं. टिकली आधी की मेन स्वीच? मी म्हटलं टिकली. पण मला माहीत आहे, हात मेन स्वीचवरच जाणार. ते पाणी मी बघितलंय.

सहदेव कधी उठतो, कधी नाही. काल उठला नाही. आजही दुपार झाली तरी तोंड भिंतीकडेच. डॉक्टर गुरुवारी येणार आहेत.

मी भांडी आवरली, मशीन लावलं, आवाज खाली केला आणि स्टुलावर बसले.

"सहदेवा, डावीकडनं दोन आली रे."

मी बटण दाबलं.

"आता तीन झाली. मधलं मोठं हाय. पंखे हायत त्याला, गरगर फिरतायत."

बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला आणि माझा हात दांड्यावरनं उठला, तो मी परत ठेवला.

"सहदेवा, डोक्यावर आलं बघ."

भिंतीकडनं, अगदी हळू, पंखा फिरायला लागला.

"खाली घे," तो म्हणाला.

मी खाली घेतलं.